राखून न ठेवलेला डाव

तालमीतली एक गोष्ट आपल्या सीमाभागात लहानथोरांना ठाऊक आहे. एका वस्तादाने आपल्या पठ्ठ्याला हाताशी धरून तयार केले. पठ्ठ्याने चार मैदाने मारली, नाव झाले, आणि अंगात गुर्मी चढली तशी त्याने वस्तादालाच हौद्यात उतरण्याचे आव्हान दिले. वस्ताद वयाने उतरलेला. लोकांना वाटले, म्हाताऱ्याची अब्रू आता जाणार. पण बघता बघता पठ्ठ्याची पाठ मातीला लागली, कारण एक डाव वस्तादाने त्याला शिकवलाच नव्हता. गोष्ट सांगणारा इथे थांबून हसतो आणि ऐकणाराही हसतो. 'वस्तादाने एक डाव राखून ठेवलेला असतो' ही तर आता म्हणच झाली आहे.

गोष्ट चातुर्याची आहे खरी. पण तिच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. माणसाने घाम गाळून जे कौशल्य मिळवले, ते कोणाचे? त्याचे एकट्याचे असेल, तर किती द्यायचे आणि किती राखायचे हे ठरवण्याचा अधिकारही त्याचाच. मग वस्तादाला बोल लावता येत नाही. आपली परंपरा या बाबतीत दोन तोंडांनी बोलते. विद्या हे असे धन आहे की दिल्याने वाढते, असे आपण मुलांना शाळेत घोकायला लावतो. आणि त्याच मुलांना आपण एकलव्याचा अंगठा सांगतो, कर्णाला ऐन वेळी आठवेनासे झालेले अस्त्र सांगतो. गाण्याच्या घराण्यांतही खास चिजा पोटच्या मुलापुरत्या राखल्याच्या हकिकती धारवाड-बेळगावकडच्या रसिकांनी पुष्कळ ऐकल्या असतील. देणाऱ्याचा आपण गौरव करतो. राखणाऱ्याचे मात्र मनातून कौतुक करतो.

हा प्रश्न मला उकलून पाहावासा वाटला तो एका अगदी परक्या माणसाच्या आयुष्यामुळे. तालमीशी त्याचा संबंध नव्हता. त्याचे क्षेत्र पाणी. नाव ॲडॉल्फ कीफर.

कीफर २७ जून १९१८ रोजी शिकागोत जन्मला. आईवडील जर्मनीतून अमेरिकेत येऊन स्थिरावलेले. लहानपणी तो एका कालव्यात पडला. पोहता येत नव्हते. नाकात पाणी गेलेले त्याला मुळीच सोसेना, म्हणून तो पाठीवर वळला आणि पाय मारत काठाला लागला, असे तो पुढे सांगत असे. भीतीपोटी सापडलेली ही रीत त्याने सोडली नाही. १९३५ साली, अजून शाळेत असतानाच, शंभर यार्डांचे अंतर उताणे पोहून एका मिनिटाच्या आत कापणारा तो पहिला ठरला. वेळ होती ५९.८ सेकंद. त्याच्या कारकिर्दीविषयी असे सांगितले जाते, की दोन हजारांहून अधिक शर्यतींत तो फक्त दोनदा हरला.

उताणे पोहणे हा प्रकार स्पर्धेतल्या इतर प्रकारांहून वेगळा आहे. बाकीचे स्पर्धक काठावरच्या ठोकळ्यावरून सूर मारतात. उताणे पोहणारा पाण्यात राहून, भिंत धरूनच सुरुवात करतो. आपण कोणीकडे चाललो आहोत हे त्याला दिसत नाही. भिंत जवळ आल्याचे कळावे म्हणून पाच मीटर अलीकडे डोक्यावर पताकांची दोरी बांधलेली असते. ती दिसली की हात मोजायचे. पण या आंधळेपणाच्या मोबदल्यात त्याला एक सोय मिळते, ती म्हणजे नाकतोंड पाण्याबाहेर राहते. श्वासासाठी मान वळवावी लागत नाही. म्हणूनच शर्यतीतले हे पोहणे आणि दमलेल्या माणसाने जीव तगवण्यासाठी पाण्यावर पडून राहणे, ही एकाच कुळातली आहेत. एकात वेग लागतो, दुसऱ्यात फक्त धीर.

१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये अठरा वर्षांच्या कीफरने शंभर मीटरची उताणी शर्यत १ मिनिट ५.९ सेकंदांत जिंकली. दुसरा आला त्याचाच देशबंधू आल्बर्ट व्हॅन्डेवेघे आणि तिसरा जपानचा मासाजी कियोकावा. हा कियोकावा १९३२ साली लॉस एंजल्सला याच शर्यतीतला विजेता होता, आणि त्या वर्षी तिन्ही पदके जपाननेच नेली होती. बर्लिनमध्ये आणखीही एक प्रसंग घडला. जर्मन आईबापांचा हा मुलगा पाहायला खुद्द हिटलर आला आणि त्याच्याशी हस्तांदोलन करून गेला. नावेही दोघांची एकच.

पुढचे ऑलिंपिक १९४० साली टोकियोत व्हायचे होते. चीनशी युद्ध पेटल्यावर जपानने १९३८ मध्ये यजमानपद सोडले. ते हेलसिंकीकडे गेले आणि अखेर रद्दच झाले. १९४४ चेही झाले नाही. बावीस आणि सव्वीस, ही पोहणाऱ्याची ऐन उमेदीची वर्षे. ती युद्धाने गिळली. बर्लिनमधली त्याची वेळ ऑलिंपिकचा उच्चांक म्हणून १९५२ पर्यंत टिकली, आणि हेलसिंकीला ती मोडली हवाईत जन्मलेल्या, जपानी वंशाच्या योशी ओयाकावा या अमेरिकन तरुणाने, १ मिनिट ५.४ सेकंदांत. २०२२ मध्ये इटलीच्या थॉमस चेक्कोनने हेच अंतर ५१.६० सेकंदांत कापले. आज बर्लिनचा तो विजेता चेक्कोनच्या शेजारच्या पट्ट्यात उतरला, तर चौदा सेकंद मागे राहील. विक्रमांचे आयुष्य असे असते. ते मोडण्यासाठीच नोंदवलेले असतात.

मग त्याच्या आयुष्याचे उरले काय? माझ्या दृष्टीने खरी हकिकत इथून पुढची आहे. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला, अमेरिका युद्धात उतरली आणि कीफर नौदलात गेला. तिथे त्याला जे दिसले ते चमत्कारिक होते. आयुष्य समुद्रावर काढायला निघालेल्या कितीतरी पोरांना पोहता येत नव्हते. नौदलात गोळीने मरतात त्याहून बुडून मरणारे जास्त आहेत, असे तो सांगत असे. त्याच्याकडे पोहण्याच्या शिक्षणाचे काम आले. त्याच्या हाताखाली १३ हजार शिक्षक तयार झाले आणि त्यांनी पुढे खलाशांना शिकवले. शेतांतून आणि कारखान्यांतून भरती झालेल्या, पाण्याला बिचकणाऱ्या मुलांना उताणे पडून तरंगत राहायला शिकवणारी एक सोपी रीत त्याने बसवली. 'विजयाचे उताणे पोहणे' अशा अर्थाचे नावही तिला मिळाले होते. त्या मुलांपैकी कोणी विक्रम करणार नव्हता. जहाज फुटल्यावर मदत येईपर्यंत नाकतोंड वर ठेवणे, एवढेच त्यांना करायचे होते.

पोहता आले म्हणजे माणूस वाचतोच असे नाही. ३० जुलै १९४५ रोजी 'इंडियानापोलिस' ही युद्धनौका पाणतीराने बुडाली. तिच्यावरच्या ११९५ जणांपैकी सुमारे तीनशे जण नौकेबरोबरच गेले. बाकीचे कित्येक दिवस उघड्या समुद्रात राहिले आणि अखेर ३१६ वाचले. तहान, ऊन, शार्क मासे आणि उशिरा आलेली मदत यांच्यापुढे कोणाचीही कला अपुरी पडते. पण मदत पोहोचेपर्यंत जो पाण्यावर राहिला, त्यालाच ती मिळू शकली.

आता वस्तादाच्या गोष्टीकडे पुन्हा पाहू. वस्तादाने डाव राखला, कारण कुस्तीत एकाची पाठ लागल्याशिवाय दुसरा जिंकत नाही. पहिला नंबर ही वस्तू वाटता येत नाही. ती दोघांना दिली की नाहीशी होते. तरंगण्याचे तसे नाही. मी तरंगायला शिकलो आणि तुम्हालाही शिकवले, म्हणून माझे तरंगणे तसूभरही कमी होत नाही. कीफरच्या अंगी ही दोन्ही धने एकाच वेळी होती. त्याच हातापायांनी तो सगळ्यांच्या पुढे गेला होता, आणि त्याच हातापायांतली विद्या त्याने मागच्यांना दिली. पहिले धन राखण्याला मी दोष देणार नाही. प्रतिस्पर्ध्याला आपली युक्ती सांगणे कोणत्याच शर्यतीत बंधनकारक नसते. पण दुसरे धन राखून ठेवणे म्हणजे काठावर उभे राहून बुडणाऱ्याकडे पाहणे आहे. आपल्या जवळची विद्या या दोहोंपैकी कोणत्या जातीची, हे ओळखण्यात आपण सहसा गल्लत करतो. बहुतेक वेळा ती तरंगण्याच्या जातीची असते, आणि आपण ती पहिल्या नंबरासारखी जपतो.

इथे वाचक काही आक्षेप घेतील आणि ते रास्तही आहेत. पहिला असा, की यात त्याग कुठे आहे? ऑलिंपिक झालेच नाही, नौदलाने काम दिले, ते त्याने केले. दुसरा, युद्धानंतर त्याने शिकागोत पोहण्याच्या सामानाचा व्यवसाय उभा केला. १९४८ च्या सुमारास नायलॉनचा पोहण्याचा पोशाख आणला, तलावातले पट्टे वेगळे करणाऱ्या, लाटा शोषून घेणाऱ्या दोऱ्या तयार केल्या आणि त्यावर चांगली कमाई केली. तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. जगवलेला सैनिक पुढे लढतो आणि मारतो. ज्या समुद्रात हे खलाशी तगत होते, त्याच समुद्रात कियोकावाच्या देशाची मुलेही बुडत होती. मग हे जीवदान कसले?

पहिल्या दोन्हींना माझे उत्तर असे, की चांगल्या कामाला त्यागाचे प्रमाणपत्र लागलेच पाहिजे, ही आपली एक लाडकी समजूत आहे. देणाऱ्याला पोटाला चिमटा बसल्याखेरीज आपल्याला दान खरे वाटत नाही. पण पाण्यात पडलेल्या पोराच्या बाजूने पाहिले, तर शिकवणाऱ्याने पगार घेतला की नाही, याने त्याला काय फरक पडतो? आणि ज्या पदकाला आपण अहंकाराचे म्हणतो, त्याच्याच पाठी लागून त्या शरीराला पाण्याची बारीकसारीक ओळख झाली होती. स्पर्धा नसती तर ही विद्याही इतकी घासूनपुसून तयार झाली नसती. पदकाला हिणवून शिक्षकाला थोर म्हणण्यात अर्थ नाही. दोघे एकच आहेत.

तिसऱ्या आक्षेपाला पुरते उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ते कोणाजवळ असेल असे वाटतही नाही. एवढे मात्र दिसते, की बुडणारा माणूस त्या क्षणी सैनिक उरत नाही. त्याची बंदूक आधीच तळाला गेलेली असते. तरंगण्याची विद्या कोणालाही मारण्याच्या कामी येत नाही. युद्धात शिकवल्या जाणाऱ्या विद्यांत असे ज्यांच्याविषयी म्हणता येईल, अशा विद्या थोड्याच.

आणि तरीही हाच कीफर म्हातारपणी बर्लिनच्या त्या भेटीची आठवण निघाली की म्हणे, पुढे काय होणार हे ठाऊक असते तर मी त्याला तिथेच तलावात ढकलून बुडवला असता. हजारोंना न बुडण्याची विद्या देणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य यावे, याचा मला आधी अचंबा वाटला. मग वाटले, यात विसंगती नसावी. हे नुसते तत्त्वाचे बोलणे नव्हते. एका माणसामुळे किती जण बुडाले, याचा हिशेब जवळून पाहिलेल्याचा तो संताप होता. अहिंसेच्या कसोटीवर वाक्य उतरत नाही. मी त्याचे समर्थन करत नाही. पण ते ऐकून त्या माणसाविषयीचा माझा विश्वास वाढला. जीवदानाचे काम करणारा माणूस गुळगुळीत संत असावा लागत नाही.

आता या विषयातल्या मला सर्वांत बोचणाऱ्या गोष्टीकडे येतो. विद्या देणारा उदार असला तरी पाण्यापर्यंत पोहोचू कोणाला दिले जाते? कीफर एक वर्षाचा असताना, २७ जुलै १९१९ रोजी, त्याच्याच शिकागोत यूजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा काळा मुलगा मिशिगन सरोवरात बुडून मेला. तराफ्यावर खेळता खेळता तो गोऱ्यांनी आपल्या मानलेल्या पाण्याकडे वाहत गेला आणि काठावरून दगड आले. पाण्यात रेघ आखलेली नव्हती. ती काठावरच्यांच्या मनात होती. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मेली, त्यांत २३ काळी होती. पुढे १९६० च्या दशकात महापौर रिचर्ड डेली यांच्या कारकिर्दीत शिकागोच्या गरीब वस्त्यांतून पोहण्याचे तलाव उभे राहिले. त्या कामात कीफरचा हात होता. दिलेली विद्या पाण्याविना वाया जाते, हे त्याला कळले असावे.

आपण ही हकिकत परक्यांची म्हणून वाचू शकत नाही. महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह जावे लागले, आणि त्या हक्कावर मुंबईच्या उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला १९३७ साल उजाडले. पाणी पिण्याची ही कथा. पोहण्याचे कोण बोलणार? पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून, कमरेला दोर लावून, काकाने नाहीतर थोरल्या भावाने विहिरीत ढकलले आणि चार गटांगळ्या खाऊन आपण तरलो, असे आपल्यापैकी पुष्कळजण कौतुकाने सांगतात. ती विहीर आपल्या मळ्यातली होती, म्हणून आपण तरलो. ज्यांना विहिरीच्या काठाला येऊ दिले नाही, त्यांची मुले कुठे शिकणार होती? आणि आपल्याच घरातल्या मुली? भाऊ विहिरीत मुटके मारत असताना त्या काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसल्या. बुडणारा मराठीत हाक मारतो की कन्नडमध्ये, हे आपल्या भागात काठावर कोणी विचारत नाही, हा आपला चांगुलपणा. पण विहीर कोणाची आणि उतरणारा कोण, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारत आलो.

राखलेले डाव केवळ पाण्यातच नसतात. दोन भाषांच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना एक माणूस चांगला ओळखीचा आहे. कचेरीतून कन्नडमध्ये आलेला कागद त्याला वाचता येतो. इंग्रजीतली नोटीस त्याला कळते. लोक त्याच्या ओट्यावर बसून राहतात. तो अर्ज लिहून देतो, कधी पैसे घेतो, कधी घेतही नाही, पण अर्ज कसा लिहायचा ते शिकवत नाही. शिकवले तर ओटा रिकामा होईल. आपल्या भाषेत कागद मिळावा ही मागणी न्याय्य आहे आणि ती लढवलीच पाहिजे. पण तो दिवस येईपर्यंत शेजाऱ्याच्या नाकातोंडात पाणी जात असते, आणि आपल्यातलेच काही सुशिक्षित वस्ताद एक डाव राखून बसलेले असतात. त्यांना उपकारकर्ते म्हणवून घ्यायला आवडते. उपकार करणे सोपे आहे. ज्याच्यावर उपकार केला त्याला पुन्हा आपल्याकडे यावेच लागू नये, अशी तजवीज करणे अवघड असते.

कीफर ५ मे २०१७ रोजी वारला. वय अठ्ठ्याण्णव. शेवटच्या काळात चालणे कठीण झाले होते, पोहणे मात्र सुटले नव्हते. त्याचे पदक, त्याच्या वेळा, त्याच्या शर्यती यांची मोजदाद झालेली आहे. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या शिक्षकांमुळे किती जण तरले, याची नोंद कोणत्याही वहीत नाही. तरलेल्यांपैकी बहुतेकांना त्याचे नावही माहीत नसणार. पुढे त्यांनी आपल्या मुलांना घराजवळच्या तळ्यात पोहायला शिकवले असेल, तेव्हा ही रीत आपल्यापर्यंत कोणाच्या हातून आली, याचा विचारही त्यांच्या मनात आला नसेल. वारसा म्हणतात तो हाच असावा. ज्याच्यावर देणाऱ्याचे नाव उरत नाही, तोच सर्वांत दूर जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक तिशीच्या आतली होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटली, ती कृष्णाकाठची आपलीच माणसे होती. पाऊस आणि नदी आपल्या हाती नाहीत. कोणाला तरंगायला शिकवायचे आणि कोणाला नाही, हे मात्र आपणच ठरवत आलो आहोत. दिवाळीच्या सुट्टीत मुले गावाकडे जातील. पावसाळ्याच्या पाण्याने विहिरी अजून भरलेल्या असतील. थोरांनी दोर, डबा घेऊन काठावर उभे राहताना, मुलांना पाण्यात सोडण्याआधी एकदा मागे वळून पाहावे, की आजही कपडे सांभाळायला कोणाला बसवले आहे.